डबे थंड होईपर्यंत

टॅबच्या काचेवर आंब्याचा रस वाळला की बोट सरकत नाही, चिकटतं. ओल्या फडक्याने पुसायला जावं तर काच पाण्यालाच बोट समजते आणि नको ती खिडकी उघडून बसते. म्हणून वैशाख लागला की माझ्या पिशवीत टेस्टर, पेचकस, केबल यांच्याबरोबर एक जुना सुती पंचा असतो. परवा यंदाच्या हंगामातला पहिला फोन आला. "बाई, लाइन बंद आहे. डबे पुढे जातच नाहीत. कधी पोचाल?" मी भाताखालचा गॅस बंद केला, पिशवी उचलली, स्कूटर काढली. कुणकेश्वरकडची उतरण संपवून वीस मिनिटांत कॅनिंगच्या फाटकात होते. फाटकातच वास आला.

आंब्याचा वास सगळ्यांना आवडतो, असं आंबा पेटीतून घेणाऱ्यांना वाटतं. कॅनिंगचा वास निराळा. डागी, चेपलेला, अती पिकलेला, पेटीत बसायच्या लायकीचा नसलेला आंबा इथे टेम्पो भरभरून येतो. त्याच्या उकळत्या रसाची वाफ, बाठ्यांच्या ढिगावर आंबट पडत चाललेला गर, बॉयलरमध्ये जळणाऱ्या काजूच्या टरफलांचा घशाला लागणारा धूर, आणि या सगळ्यावर मागच्या समुद्राकडून येणारा खारा वारा. पहिल्या दिवशी भूक चाळवते. चौथ्या दिवशी कुणी ताटात आमरस वाढला तर उठून जावंसं वाटतं. मला तो वास आला की एकच हंगाम आठवतो. मी आठवणी काढत बसणारी बाई नाही, तेवढा वेळही नसतो. पण वास विचारून येत नाही.

माझं काम काय, हे अजून शेजाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. "ती मशीनीक कॉम्प्युटर लावता," एवढं सांगतात, आणि ते तसं बरोबरच आहे. प्रत्येक फॅक्टरीत एक लोखंडी कपाट असतं, त्याला पॅनेल म्हणतात. त्यात वीतभर लांबीची एक पेटी असते. कुठली मोटर कधी फिरायची, वाफेचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, पट्टा कधी थांबायचा, हे सगळं ती ठरवते. लाइन बंद पडली की लोक मशीनला लाथ मारतात, तेल घालतात, मालकांना फोन लावतात. मी त्या पेटीला टॅब जोडते आणि बघते. बंद पडलेलं यंत्र बहुतेक वेळा मोडलेलं नसतं. ते कशाची तरी वाट बघत असतं. कशाची, तेवढं शोधायचं. परवा ते एका सेन्सरची वाट बघत होतं. खाऱ्या हवेने त्याची तार जोडापाशी हिरवी पडून तुटली होती. दहा मिनिटांचं काम.

वाट बघणाऱ्या यंत्राचं ते वाक्य माझं नाही, विलासचं आहे. विलास माझा नवरा. लिहिताना मी त्याला नावाने आणि 'तो' म्हणणार आहे. समोर असताना बावीस वर्षांत कधी म्हटलं नाही. तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. आधी रेडीला, खनिज बोटीत चढवणाऱ्या पट्ट्यांवर होता. मग नोकरी सोडून त्याने किनाऱ्यापासून बांद्यापर्यंतच्या रसाच्या, काजूच्या, बर्फाच्या फॅक्टऱ्यांची पॅनेलं बघायला घेतली. मी तहसील कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान चालवायची. आम्हांला मूल नाही. ते दुःख जुनं आहे, त्याची धार गेली. वासाने आठवतो त्या हंगामात, मृगाच्या आधी विलास गेला. पुढचं वाचताना कुणी आशा लावून बसू नये, म्हणून आधीच सांगितलं.

शिमग्याच्या दिवसांत तो पिवळा पडला. गोव्याला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि मोठ्या दिरांना व्हरांड्यात बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, पाऊस बघतील असं वाटत नाही, म्हणाले. दिरांनी तिथल्या तिथे ठरवलं. "तेका सांगूचा नाय. हाय खाऊन आठ दिवसांत जायत." घरी आल्यावर सासूबाईंनी देवासमोर माझा हात धरून तेच बजावलं. मी मान हलवली. विलासला आम्ही सांगितलं की कावीळ आहे, पित्ताशयात खडा आहे, पथ्य केलं की सुटेल. तो म्हणाला, "कॅनिंग सुरू होवच्या आधी बरो झालंय म्हणजे झालां." त्या दिवसापासून माझ्यापाशी एक गोष्ट होती. ती होती त्याची, आणि मी त्याला ती देत नव्हते.

तो बरा झाला नाही. कॅनिंग मात्र सुरू झालं.

तेव्हाचं यंत्र आताच्या टॅबसारखं चकचकीत नव्हतं. विटेएवढं जाड, करड्या रंगाचं, एका हातात धरायचं. वर दोन ओळींची हिरवट काच, खाली रबरी बटणं, आणि म्हशीच्या दाव्यासारखी जाड केबल. कंपनीचं नाव काहीही असो, विलास त्याला 'डबो' म्हणायचा. चार-पाच बटणांवरची अक्षरं त्याच्या अंगठ्याने पुसून गेली होती. आज लाइन चालू करतोय, या, असा फॅक्टरीतून पहिला फोन आला तेव्हा तो पडवीत खाटेवर पडून होता. उठायला गेला, भिंत धरून उभा राहिला, पुन्हा बसला. मग डबा माझ्या हातात दिला.

"आजचो दिवस तू जा. मी फोनावर सांगतंय."

"माका काय कळता त्यातला?"

"झेरॉक्सचा मशीन उघडतंस मा? कागद खंय अडाकलो तो बघतंस मा? तसांच."

मी गेले तर तिथे गाऱ्हाणं चाललं होतं. हंगामाचं पहिलं बटण दाबायच्या आधी आमच्याकडे बॉयलरपुढे नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. बॉयलरवाला हात जोडून मोठ्याने म्हणत होता, "बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हंगामाक हात घालतत. मशीन चलांदे, हात-पाय सांभाळ, आणि कोणाची वाकडी नजर आसात ती दर्यात बुडव रे म्हाराजा!" चाळीस बायका एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणाल्या. सगळ्यांत जुन्या कामगार सत्यवतीमावशी. त्यांनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन एकेका मशीनला बोट लावलं. मग बटण दाबलं. पट्टा हातभर सरकला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला.

मी डबा जोडला. फोनला रेंज कुठे, तर फक्त शेडच्या मागे, बाठ्यांच्या ढिगापाशी. केबल तिथवर पोचत नाही. म्हणून पॅनेलपाशी आकडे वाचायचे, ढिगापाशी धावत जाऊन सांगायचे, तिथे गांधीलमाश्या हाकलत ऐकायचं आणि परत धावत यायचं.

"एक्स चार बघ, पट्ट्यावरच्या सेन्सराचो दिवो," विलास म्हणाला. "रसाचो डबो समोर इलो तरच तो पेटूक व्हयो."

मी बघून आले. "पेटलेलोच आसा. समोर डबो नाय तरी."

"म्हणजे तेच्या डोळ्यासमोर कायतरी आसा. जा, डोळो बघ."

मी पट्ट्यापाशी वाकले. सेन्सरच्या इवल्याशा काचेवर ठसठशीत कुंकू, वर एक अक्षतसुद्धा चिकटलेली.

"मावशी, हयसर कुंकू कोणी लावल्यान?"

"मीया. कित्या?"

"तो मशीनीचो डोळो आसा!"

"माका काय म्हायत गो? लाल लाल लुकलुका होता. माका वाटला, कुंकू लावची जागाच ठेवलेली आसा!"

सगळी शेड हसली. ढिगापाशी जाऊन मी विलासला सांगितलं. तो ठसका लागेपर्यंत हसला. "मावशीक सांग, फुडल्या वर्षी मशीनीक चष्मो घालया."

मी पट्ट्यापाशी परत गेले. पंच्याने कुंकू पुसलं, लाइन चालू झाली. पण ते 'फुडल्या वर्षी' तेव्हापासून मला ऐकू यायला लागलं. आधीही तो म्हणत असेल. माणसं म्हणतातच.

नंतर रोजचंच झालं. सकाळी त्याला पेज भरवायची, औषध द्यायचं, डबा केबलसकट पिशवीत टाकायचा, निघायचं. आज ढिगाऱ्यामागे टॉवर आहे, टॅबवरच्या आकड्यांचं चित्र मी घरबसल्या कुणालाही पाठवू शकते. तेव्हा मी वाचून दाखवायची आणि विलास डोळे मिटून ऐकायचा. त्या खाटेवरून त्याला अख्खी फॅक्टरी दिसायची. "तुझ्या डाव्या हाताक पंप आसा, तेचो आवाज जड येता काय? मगे आधी गाळणी साफ करूक सांग. कॉम्प्युटर बाजूक ठेव." कधी म्हणायचा, "घाई करू नको. ती पेटी शाणी आसा, तिका बोलांदे." बावीस वर्षांत आम्ही भाताबद्दल बोललो, गळक्या कौलांबद्दल बोललो, डॉक्टरांबद्दल बोललो. एकमेकांचं इतकं लक्ष देऊन ऐकलं ते त्या महिन्याभरात. मी 'वाय सहा' म्हटलं की पलीकडे तो श्वास रोखायचा, हे मला ढिगापाशी उभं राहून कळायचं. संध्याकाळी घरी गेले की विचारायचा, काय काय झालं, सगळं सांग, पहिल्यापासून. मी सांगायची. सासूबाई आतून म्हणायच्या, "जेवान घेवा आधी, मशीन खंय पळान जाता?"

एक गोष्ट त्याने पहिल्याच आठवड्यात शिकवली. या हातातल्या कॉम्प्युटरने पेटीशी खोटं बोलता येतं. दार उघडं असलं तरी 'बंद आहे' असं तिला सांगता येतं, पाणी नसलं तरी 'आहे' म्हणता येतं. त्याला फोर्स करणं म्हणतात. तपासणीपुरतं ते लागतं. "पण काम झाला की पयला तां काढूचा," विलास म्हणाला. "मशीन गरीब आसा. तू सांगशीत तां खरां मानता. आणि तसांच चलत ऱ्हवता." आता टॅबवर असं काही खोटं सांगून ठेवलं तर वर लाल पट्टी लुकलुकत राहते, विसरता येत नाही. तेव्हाच्या दोन ओळींच्या काचेवर तसं काही दिसायचं नाही. लक्षात ठेवावं लागायचं. मी लक्षात ठेवायची. त्याला पेज भरवताना, "कालच्यापेक्षा आज डोळ्यांतला पिवळा कमी आसा," असं म्हणतानाही मला ते लक्षात असायचं.

हंगामाच्या मध्यावर टाकीचा हवेचा व्हॉल्व्ह गेला. रस भरून सीलबंद केलेले डबे पिंजऱ्यात रचतात आणि एका बंद टाकीत वाफेवर शिजवतात. शिजवणं सोपं आहे. कठीण असतं ते थंड करणं. आतला रस उकळता. बाहेरून एकदम गार पाणी पडलं की टाकीतला दाब उतरतो, डब्यातला उतरत नाही. डबे पोट फुगवून बाहेर येतात, शिवण सुटते, माल फुकट. म्हणून आधी टाकीत हवा भरायची, मग पाणी थोडं थोडं सोडायचं, मग हवा हळूहळू कमी करायची. कुठलं किती सेकंद, हे विलासने कधीकाळी त्या पेटीत बसवून दिलं होतं. सात टायमर, एकात एक अडकवलेले. नवा व्हॉल्व्ह दुसऱ्या बनावटीचा होता, सावकाश उघडायचा. जुने सेकंद त्याला चालेनात. पहिल्याच बॅचचे निम्मे डबे फुगले.

मी विलासला विचारलं. तो म्हणाला, "तां फोनावर नाय समजाचा तुका. हातान चलवा ह्या वर्षी. फुडल्या वर्षी मी जावन बसवतंय."

दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. उत्तर तेच. बाकी सगळं तो मला भरभरून देत होता, एवढं एक सोडून. मला राग यायचा. आता कळतं, ते काम त्याने स्वतःसाठी बाजूला ठेवलं होतं. परत जाऊन करायचं असं काहीतरी त्याला हवं होतं. आणि ते त्याने मला द्यायला हवं असेल, तर तो परत जाणार नाही, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. फॅक्टरीत माझ्या मनात दुसरा विचार येत नव्हता. मालक रोज म्हणायचे, "बाई, हाताने किती दिवस? नाही जमत तर आंबा दुसरीकडे पाठवतो, इथली लाइन बंद करतो." चाळीस बायका माझ्याकडे बघायच्या.

हाताने चालवायचं म्हणजे एका माणसाने टाकीपाशी उभं राहून काट्याकडे बघत व्हॉल्व्ह फिरवायचे. एकदा तो माणूस चहाला गेला. टाकी फुसफुसायला लागली म्हणून सत्यवतीमावशींनी जाऊन हात घातला. वाफेने मनगट पोळलं. आम्ही पाण्याखाली धरलं, दवाखान्यात नेलं. "चटको बसलो गो नुसतो," त्या म्हणत राहिल्या. कातडी पांढरी पडून सुटली होती. तिथून मी सरळ घरी आले.

भर दुपार. अंगणात सासूबाई तट्ट्यावर सोलं वाळत घालत होत्या. कोकमाच्या रसाने त्यांची बोटं लालकाळी झाली होती. विलास पडवीत खाटेवर. मी मावशींचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "आता मालकाक सांग, चार दिवस कळ काढ. मी फुडल्या वर्षी पयला तांच काम..."

"फुडल्या वर्षी तुम्ही नसतलास."

असंच बाहेर पडलं. मी बसलेसुद्धा नव्हते, पिशवी खांद्यावर होती. अंगणात सासूबाईंचे हात थांबले.

विलास माझ्याकडे बघत राहिला. "कोणी सांगल्यान?"

"डॉक्टरांनी. शिमग्यात."

"म्हणजे दोन म्हयने तुका म्हायत आसा."

"हो."

"बरां." मग त्याने विचारलं, "आणि आज कित्याक सांगलंस?"

तेव्हा मी काहीही म्हणू शकले असते. तुमच्यापासून लपवणं मला जमत नाही, हेही खरंच होतं. पण मी म्हटलं, "तां कूलिंग बसवूक व्हया."

तो हसला. कुंकवाच्या वेळी हसला होता तसा नव्हे. नाकातून हवा जावी तेवढाच. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. सासूबाईंनी पुन्हा सोलं पसरायला घेतली. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आताशा लोक मला विचारायला येतात. मी सरळ बोलते, असं गावात नाव आहे. गेल्या वर्षी फॅक्टरीतल्याच एका मुलीने विचारलं, बाबांना सांगू की नको? मी टॅबमधून डोकं वर न काढता म्हटलं, मला विचारू नकोस. ती बिचारी ओशाळून गेली. मग मी तिला बोलावलं आणि एवढंच म्हटलं, सांगशील तर का सांगतेस ते आधी स्वतःला विचार. तिला ते कितपत कळलं, मला माहीत नाही. मला स्वतःला अजून पुरतं कळलेलं नाही. सांगितलं ते बरोबरच केलं, यावर मी ठाम आहे. ज्याचं मरण त्याला ते माहीत असायला हवं. पण मी ते त्याला त्याचं म्हणून दिलं नाही. बदल्यात काहीतरी मागत दिलं.

आणि ते मिळालंही नाही. दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला, रागाने नव्हे, अगदी मऊ. त्याला कैरीचं सार हवं झालं. त्याने मुंबईला परतलेल्या मोठ्या भावाला बोलावून घेतलं आणि लहानपणी दोघांनी मिळून बुडवलेल्या होडीची गोष्ट काढली. एकदा अंगणाकडे बोट दाखवून म्हणाला, "माका खळ्यात बसव, माडांचो आवाज आयकूचो आसा." मला म्हणाला, "तुझो हात खडबडीत झालो गो." हे सगळं बोलला. फक्त मशीनचं नाव काढलं की म्हणायचा, "तां तू बघ." तेवढंच. तो सूड नव्हता, याची मला खात्री आहे. विलासला सूड घेता येत नव्हता. बहुधा त्याचं त्यातून मनच निघालं होतं. त्याला आता माणसं हवी होती. मी हवी होते.

आणि मी रोज सकाळी आठला फॅक्टरीत जात होते. त्याने सांगितलं, तू बघ. मी बघायला घेतलं. रसाचे डबे नासवून चालणार नव्हतं, म्हणून नाकारलेल्या रिकाम्या डब्यांत उकळतं पाणी भरून मी ते सीलबंद करायला लावले. हे पाण्याचे डबे टाकीत घालायचे, शिजवायचे, थंड करायचे, काढून बघायचं. एकेक फेरी तासाची. पहिल्या टायमरला पाच सेकंद वाढवले, फुगले. दहा वाढवले, तर यावेळी उलटे, आत चेपले. वाट बघत विलासचा 'डबो' हातात घेऊन टाकीपाशी उभं राहायचं, आत हवेचा सुसकारा ऐकायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो आवाज मला कळायला लागला. हवा पुरेशी भरली की सुसकारा थोडा जाड होतो. कानाला आणि हाताला कळतं म्हणतात ते काय, हे तेव्हा समजलं. ते विलासला सांगावं असं वाटलं. पण संध्याकाळी घरी गेले तेव्हा तो भावाशी बोलत होता आणि मी स्वयंपाकाला लागले.

बाराव्या दिवशी पाण्याचे सगळे डबे सपाट निघाले. मग खरी बॅच घातली, रसाची. चाळीस बायका चाकू खाली ठेवून टाकीभोवती जमल्या. मावशी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सगळ्यांत पुढे. झाकण उघडलं, पिंजरा वर आला. डबे जसे गेले तसे बाहेर आले, सरळ, सपाट. मावशींनी चांगल्या हाताने एका डब्यावर टिचकी मारली आणि "व्हय म्हाराजा!" म्हणून अशी आरोळी ठोकली की बॉयलरवाला धावत आला. मी शेडमागे ढिगापाशी गेले आणि फोन लावला. तो कुणीतरी त्याच्या कानाला धरला असावा.

"जमला," मी म्हटलं. "कूलिंग बसला. एक पण डबो फुगाक नाय."

पलीकडे नुसता श्वास. मग विलास म्हणाला, "आता घराक ये गो."

दुपारचे दोन वाजत आले होते. एका बॅचवर कुणी विश्वास ठेवत नाही. किमान तीन बघायच्या, हे मला त्यानेच शिकवलं होतं. मी म्हटलं, "आणखी दोन बॅची बघतंय आणि येतंय."

मी फोन ठेवला.

घरी पोचले तेव्हा साडेचार झाले होते. सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. इतक्या दिवसांनी त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. "मघाशी तुका हाक मारी होतो. दोन-तीनदा मारल्यान. आता बोलणा नाय."

त्यानंतर विलास तीन दिवस होता, पण त्याने डोळे उघडले नाहीत. मी तिन्ही दिवस खाटेपाशी बसले, फॅक्टरीत गेले नाही. जायची गरजही नव्हती. त्या दोन्ही बॅची चांगल्या निघाल्या होत्या.